हेडिंग सोडू नका

पिंपरी-चिंचवडच्या छपाईचा इतिहास सांगायचा तर पुस्तकं बाजूला ठेवावी लागतील. ती पुण्यात, पेठांमध्ये छापली जात. आमच्याकडे छापली गेली ती कोष्टकं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६० मध्ये आकुर्डीत बजाज, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को. आणि त्यांच्या आधारानं सुटे भाग करणारी असंख्य वर्कशॉपं. प्रत्येकाला हजेरीपत्रक हवं, स्टॉक रजिस्टर हवं, चलनबुक हवं, पार्ट लिस्ट हवी. चिंचवड स्टेशनजवळच्या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवायला शिकलो ते याच कागदांवर. कवितेशी संबंध आला तो लग्नपत्रिकेपुरता.

१९४८ च्या कारखाना कायद्यानं कामगारांचं रजिस्टर सक्तीचं केलं होतं. हजेरीपत्रकाचे महिन्याचे ३१ रकाने एका पानात मावत नाहीत, म्हणून निम्म्या तारखा डाव्या पानावर, उरलेल्या उजव्यावर. नावाची ओळ दोन्ही पानांवर एकाच उंचीला यायला हवी. बाइंडरनं कागद जरा तिरका धरला की एकाचा खाडा दुसऱ्याच्या नावावर.

पण खरा कस लागायचा तो पार्ट लिस्टमध्ये. चित्रातला क्रमांक, पार्ट नंबर, वर्णन, नग असे चार रकाने, आणि यादी पानांमागून पानं चाललेली. इंग्रजी आकडे सगळे एकाच रुंदीचे ओतलेले असत, म्हणून ते एकाखाली एक सरळ बसत. अक्षरांचं तसं नाही. त्यामुळे पहिला खिळा उचलण्याआधी सगळी कॉपी चाळून सर्वांत लांब वर्णन शोधायचं आणि रकान्याची रुंदी त्यावरून ठरवायची. हे न करता बसलेला माणूस तिसऱ्या गॅलीवर, म्हणजे जुळवलेले खिळे ठेवायच्या तिसऱ्या ट्रेवर पोचला की पहिली गॅली उसवत बसे.

रकाने आखणाऱ्या उभ्याआडव्या पितळी रुळांचे सांधे कधी धड जुळत नसत. छापून आल्यावर कोपऱ्यात फट दिसायचीच. चांगलं गिऱ्हाईक असेल तर मजकूर एकदा आणि रूळ दुसऱ्यांदा, असा कागद दोनदा मशिनवर चढे. कोष्टकाला साध्या मजकुरापेक्षा चढा दर मिळे तो उगाच नाही.

रकान्यांची नावं प्रत्येक पानावर पुन्हा हवीत. ती दर वेळी कोण जुळवणार? एकदा जुळवलेलं हेडिंग सुतळीनं बांधून ठेवायचं, पान छापून झालं की उचलून पुढच्या पानाच्या डोक्यावर बसवायचं. एका वेळी छापायच्या फर्म्यात चार पानं असतील तर हेडिंगंही चार. बाकीचा मॅटर सोडून खिळे केसमध्ये, म्हणजे आपापल्या खणांच्या पेटीत परत जात, हेडिंगला हात लावायचा नाही. नव्या पोऱ्याला पहिल्या दिवशी हेच बजावलं जाई. पान कुठे तोडायचं हे मात्र सांगून येत नसे. असेंब्लीचं नाव पानाच्या तळाशी आणि तिचे बोल्ट-वॉशर पुढच्या पानावर, असं झालं तर स्टोअरमधला माणूस अख्खी असेंब्ली मागवून बसेल. दोन ओळींची जागा कोरी सोडलेली परवडली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी संगणक आले आणि केस भंगारात गेल्या. डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ साली तयार केलेल्या टेक या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीबद्दल मला पुष्कळ उशिरा, इंजिनिअर भाच्याकडून कळलं. त्यावर उभ्या असलेल्या लाटेकमध्ये पानांमागून पानं चालणाऱ्या कोष्टकांसाठी डेव्हिड कार्लाइल यांचं लाँगटेबल आहे. ते हेडिंग आपोआप प्रत्येक पानावर ठेवतं. यादी मोठी असेल तर एका फेरीत रुंदी जमत नाही. पहिल्या फेरीत मोजलेल्या रुंद्या ते वेगळ्या फाइलीत टिपून ठेवतं आणि आपण मूळ फाइल पुन्हा चालवायची. मला हसू आलं. म्हणजे आधी कॉपी चाळणं त्यालाही चुकलेलं नाही!

आता कारखाने चाकणपर्यंत पसरले. याद्या एक्सेलमधून निघतात, हेडिंगची सोय तिथेही आहे, पण ती लावायची राहते आणि दुसऱ्या पानापासून आकडे बिननावाचे येतात. अशा फाइली दुरुस्तीला अजून माझ्याकडे येतात. पैसे पानामागे मिळतात. कोष्टक असो की मजकूर, दर एकच.