शेट्टरांची अंगडी : जुन्या म्हैसुरातील कोपऱ्यावरची दुकाने

म्हैसूरचा इतिहास सांगताना राजवाडा, दसरा व दिवाणांची कारकीर्द यांचा परामर्श घेतला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु नोकरीनिमित्त येथे येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास पाहू गेल्यास तो गल्लीच्या कोपऱ्यावरील वाण्याच्या दुकानात अधिक सापडतो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्याची नोंद करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या प्लेगने येथील दाट वस्त्यांचे दोष उघडे केले. १९०३ साली नगरसुधार मंडळ स्थापन झाले व कालांतराने रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. भाजी, फुले व विड्याची पाने यांसाठी लोक सयाजीराव रस्त्यालगतच्या देवराज मार्केटात जात. त्या रस्त्याला बडोद्याच्या गायकवाड महाराजांचे नाव आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेलच. रोजच्या मीठमिरचीची गरज मात्र कोपऱ्यावरची अंगडीच भागवी.

१९५० साली चेलुवांबा महालात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. १९६९ साली भारतीय भाषा संस्थान आले. अशा संस्थांमुळे आमच्या वडिलांच्या पिढीतील अनेक मराठी कुटुंबे येथे आली. भाषांचे संशोधन संस्थेत चाले. आमच्या आयांचे कन्नडचे शिक्षण झाले ते शेट्टरांच्या फळीपुढे. पोहे म्हणजे अवलक्की, चुरमुरे म्हणजे कडलेपुरी, डाळे म्हणजे हुरिगडले, हे धडे बोट दाखवून गिरवले गेले. ‘चिल्लर’ आणि ‘नगद’ हे शब्द मात्र दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच निघाले, याचे त्यांना मोठे नवल वाटे.

मापांचे स्थित्यंतर वडीलधाऱ्यांनी पाहिले. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि १९६२ पर्यंत शेर व छटाक यांची जागा टप्प्याटप्प्याने किलोग्रॅमने घेतली. तराजूत किलो बसला तरी जुन्या गृहिणींच्या तोंडची शेर-पावशेराची भाषा लवकर सुटली नाही. फळीवरही बदल होत होते. म्हशीच्या दुधापासून बालान्न करण्याची पद्धत येथील अन्न संस्थेत सिद्ध झाली आणि पुढे तशा अन्नाचे डबे दुकानांत दिसू लागले. कागदाच्या पुड्या व वरून लोंबणारी दोऱ्याची रीळ आम्ही स्वतः पाहिली. मग १९८०च्या दशकात शाम्पूच्या चिमुकल्या पुड्यांच्या माळा आल्या आणि मागोमाग टेलिफोनचे पिवळे फलक. ते फलक भ्रमणध्वनीने उतरवले.

या सर्वांहून महत्त्वाची होती ती उधारीची वही. ‘इंदु नगदु, नाळे साल’, म्हणजे आज रोख, उद्या उधार, अशी पाटी दुकानात असे. पण ती पाटी पाहणाऱ्याचे सामान वहीत नोंदूनच घरी जाई. परक्या गावी बदलून आलेल्या, नातेवाईक नसलेल्या कारकुनाला पहिल्या पगारापूर्वी महिन्याचे वाणसामान देणे हा निव्वळ व्यापार नव्हता. तो या शहराने आपल्यावर टाकलेला पहिला विश्वास होता. बदलीचा हुकूम आला की हिशेब चुकता करून शेट्टरांचा निरोप घेणे हे देवदर्शनाइतकेच आवश्यक मानले जाई.

आज भव्य दुकाने आहेत, घरपोच सेवा आहे. मुले बंगळुरात नोकरी करतात, जागेचे मोल वाढले आहे. पुष्कळ अंगड्या बंद झाल्या. या बदलाचा दोष कोणा एकाला देता येणार नाही, आणि नव्या सोयींचा लाभ आम्हीही घेतो. तथापि नोव्हेंबर २०१६ मध्ये मोठ्या नोटा रद्द झाल्या तेव्हा, आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा, आमच्या गल्लीतील वृद्धांचे घर चालले ते शेट्टरांच्या ओळखीवर. पैसे मागाहून द्या, एवढेच ते म्हणत. माणसाला ओळखून असे म्हणणारी यंत्रणा अद्याप निर्माण झालेली नाही.

आपली नातवंडे घरात मराठी व शाळेत इंग्रजी बोलतात. कन्नड त्यांना पुस्तकातून शिकावी लागते, कारण फळीपुढची शाळा मिटत चालली आहे. म्हणून मंडळाच्या सभासदांस आमची नम्र सूचना आहे की उरलेल्या अंगडीतून महिन्याचे काही सामान तरी अवश्य आणावे, आणि आणावयास नातवंडांस पाठवावे. ज्येष्ठांनी आपापल्या गल्लीतील दुकानांच्या आठवणी लिहून मंडळाच्या दप्तरी द्याव्यात. या शहराची एवढी उधारी आपल्या नावे आहे.