समुद्राची खबर मोबाईलवर: बेटांवरील मासेमारीला डिजिटल आधार

लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावरचे मच्छीमार पिढ्यानपिढ्या काठी आणि गळ वापरून कुपा पकडत आले आहेत. बेटाभोवतीच्या उथळ पाण्यातून आमिषासाठी लहान मासे जिवंत पकडायचे, खोल समुद्रात कुप्यांचा थवा दिसताच ते पाण्यात टाकायचे आणि वर आलेले कुपे एकेक करून ओढून घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. जाळ्यात नको ते जीव अडकून मरण्याचा प्रश्न तीत जवळजवळ उद्भवत नाही. मात्र थवा शोधण्यात वेळ जातो आणि डिझेलही जळते. हा शोध आटोपशीर करण्याचे काम आता उपग्रह करू लागले आहेत.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, अर्थात ‘इन्कॉईस’, ही १९९९ साली स्थापन झालेली संस्था ‘संभाव्य मासेमारी क्षेत्रां’ची सूचना प्रसृत करते. समुद्रपृष्ठाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांची मोजणी उपग्रह करतात. हरितद्रव्य जास्त तेथे वनस्पती प्लवक जास्त, आणि अन्नसाखळीमुळे मासे येण्याची शक्यताही जास्त. उष्ण आणि थंड पाणी जेथे भिडते, त्या सीमेवर ही शक्यता आणखी वाढते. किनाऱ्यावरील ठरावीक ठिकाणापासूनची दिशा, अंतर आणि तेथील खोली सूचनेत दिलेली असते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती उपलब्ध आहे. दाट ढग असल्यास उपग्रहाची दृष्टी अडते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात सूचना दिली जात नाही.

माहिती तयार झाली तरी ती पोहोचणे महत्त्वाचे. कोची ते लक्षद्वीप ही सागरतळावरील ऑप्टिकल फायबर केबल ३ जानेवारी २०२४ रोजी कार्यान्वित झाली आणि बेटांवरील इंटरनेटचे उपग्रहावरील अवलंबन कमी झाले. भर समुद्रात मात्र ही केबल उपयोगी नाही. किनाऱ्यापासून सुमारे १०-१२ किलोमीटरपलीकडे मोबाईलचा सिग्नल मिळत नाही. २०१७ च्या ओखी चक्रीवादळात या उणिवेची मोठी किंमत मच्छीमारांनी मोजली. त्यानंतर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपग्रहाद्वारे इशारे देणारे उपकरण आले. ते एकतर्फी होते. नौकेवरून उत्तर देण्याची सोय त्यात नव्हती. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय योजनेत टप्प्याटप्प्याने १ लाख नौकांवर दुतर्फी संपर्काचे ट्रान्सपॉन्डर बसविण्याचे उद्दिष्ट आहे.

या साऱ्या साधनांना एक मर्यादा आहे. मासे कोठे असतील हे उपग्रह सांगतो. किती पकडावेत हे तो सांगत नाही. काठी-गळ घेऊन निघालेल्या होडीला जी सूचना इंधन वाचवून देते, तीच सूचना मोठ्या ट्रॉलरला थव्यावर थेट नेऊन सोडू शकते. गोव्याला हा धोका नवा नाही. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांना तिच्या अंमलबजावणीसाठी वारंवार आवाज उठवावा लागला आहे. बंदीचा काळ, जाळ्याच्या आसाचा आकार आणि देखरेख यांची शिस्त पाळली गेली, तरच मोबाईलवरील ही खबर लहान होडीच्या कामाची ठरेल.