टॉमकाकाचा नकार

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला, हे विद्यार्थी मित्रांना ठाऊक असेलच. त्या मुक्तीसाठी लोकमत तयार करण्यात ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीचा वाटा मोठा होता. पण वाचकहो, नवल असे की तिच्या नायकाचे नाव तिकडे आज शिवी म्हणून वापरले जाते. गोऱ्या धन्यापुढे हांजी हांजी करणारा, तो ‘अंकल टॉम’!

लेखिका हॅरिएट बीचर स्टोव्ह सुमारे १८ वर्षे सिनसिनाटी शहरात राहिल्या. मध्ये ओहायो नदी आणि पलीकडच्या तीरावर गुलामी चालू असलेले केंटकी राज्य. १८५० साली फरारी गुलामांचा कडक कायदा झाला. पळालेल्या गुलामाला आसरा देणाऱ्यास १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निवाडा करणाऱ्या कमिशनरला मनुष्य धन्याकडे परत धाडला तर १० डॉलर फी, मोकळा सोडला तर ५! परत धाडण्यात लिहिण्याचे काम जास्त, असे त्याचे समर्थन करीत. १८५१ च्या जूनपासून ही कादंबरी एका साप्ताहिकात क्रमशः आली. १८५२ च्या मार्चमध्ये पुस्तक निघाले व वर्षभरात अमेरिकेत सुमारे ३ लाख प्रती खपल्या.

तिच्यातील एक प्रसंग पालकांनी मुद्दाम वाचावा. ओहायोचे सिनेटर बर्ड अशाच कायद्याला मत देऊन घरी येतात. त्यांची पत्नी स्वभावाने भित्री. पण हा कायदा आपण मोडणार, असे ती पतीला तोंडावर सांगते. त्याच रात्री बर्फाचे तुकडे तुडवीत नदी ओलांडून आलेली एलायझा लेकराला घेऊन दारात येते. बर्डबाई आपल्या मृत बाळाचे जपून ठेवलेले कपडे त्या लेकरासाठी काढून देतात. आणि सिनेटरसाहेब? ते स्वतः गाडीत बसून चिखलातून त्या मायलेकरांना सुरक्षित जागी पोचवतात. कायद्याच्या कागदावर ‘फरारी’ हा नुसता शब्द असतो. दारात उभी असते ती आई.

आता टॉम. कादंबरीतला टॉम वाकलेला म्हातारा नव्हे. तो रुंद छातीचा, धडधाकट, लहान मुलांचा बाप आहे. लुइझियानातला क्रूर मळेवाला लेग्री त्याला एका अशक्त बाईला फटके मारण्याचा हुकूम करतो. टॉम मारीत नाही. तुझा देह आणि आत्मा मी विकत घेतला, असे लेग्री म्हणतो, तेव्हा आत्मा विकत मिळत नाही, असे तो उत्तरतो. पुढे दोन स्त्रिया पळून लपतात. त्या कोठे आहेत ते टॉमला माहीत आहे. ‘माहीत नाही’ असे खोटेही तो बोलत नाही. माहीत आहे, पण सांगणार नाही, म्हणतो आणि मार खाऊन मरतो. हा का लाचार माणूस?

बदनामी केली ती बव्हंशी नाटकवाल्यांनी. कादंबरीवरून नाटक करण्यास त्या काळी लेखकाची परवानगी लागत नसे. तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी टॉमला केविलवाणा म्हातारा करून टाकले. अर्थात लेखिकाही निर्दोष नाही. काळ्या लोकांचा ‘मुळातच भोळा व सोशिक स्वभाव’ ती गृहीत धरते. जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाने १९४९ साली या कादंबरीवर कठोर टीका केली. तीही विद्यार्थ्यांनी वाचावी.

परंतु त्या काळच्या सत्ताधाऱ्यांना या पुस्तकाची भीती वाटत होती, हे सॅम्युअल ग्रीन यांच्या खटल्यावरून कळते. मेरीलँड राज्यातले हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक पूर्वी गुलाम होते, पुढे स्वतंत्र झाले. गुलामांना पळण्यास मदत केल्याच्या संशयावरून १८५७ साली त्यांच्या घराची झडती झाली. कॅनडाचा नकाशा, आगगाड्यांचे वेळापत्रक, कॅनडाला पळालेल्या मुलाचे पत्र आणि ‘अंकल टॉम्स केबिन’ची प्रत, एवढे सापडले. बाकीच्या कागदांवरून गुन्हा शाबीत झाला नाही. पुस्तक बाळगल्याबद्दल मात्र त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पाच वर्षांनी, १८६२ मध्ये, गव्हर्नरने त्यांना सोडले, तेही राज्य सोडून जाण्याच्या अटीवर.