पंचाची बोटं आणि जर्सीवरचा आकडा

बास्केटबॉल सामन्याचा जुना फोटो पुरावा म्हणून हाती आला, तर आधी चेहरे नका बघू. पंचाचा हात बघा आणि जर्सीवरचे आकडे बघा. सामना कुठल्या नियमांनी चालला होता, याचा पहिला माग तिथं लागतो.

भारतात हा खेळ आला वायएमसीएमार्फत, म्हणजे मुळात अमेरिकी वळणाचा. १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढणारे हॅरी बक अमेरिकन. मुंबईत 'नागपाडा नेबरहूड हाउस' उभं करणारे क्लिफर्ड मॅन्शार्टही अमेरिकन, अमेरिकन मराठी मिशनचे. पुढे नागपाडा बास्केटबॉलचं माहेरघर झालं; भारताचे कर्णधार, १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसीर तिथलेच. एवढं वाचलं की 'इथले नियमही अमेरिकी' असं लिहायचा मोह होतो. पण १९३२ मध्ये 'फिबा' ही आंतरराष्ट्रीय संघटना निघाली होती, आणि १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये भारत खेळला तो तिच्या नियमांनी.

आता आकड्यांची गंमत बघा. फिबाच्या स्पर्धांत कित्येक दशकं जर्सीवर ४ ते १५ हेच आकडे असत. कारण १, २, ३ बोटं पंचाला गुण आणि फ्री थ्रो दाखवायला लागत; त्यात खेळाडूचा नंबर मिसळला की स्कोअररचा घोळ. ११ ते १५ साठी एक मूठ म्हणजे दहा, आणि दुसऱ्या हाताची उरलेली बोटं. अमेरिकी कॉलेजांनी वेगळाच तोडगा काढला: आकड्यातला प्रत्येक अंक ० ते ५ मधलाच हवा, कारण हाताला बोटं पाच. म्हणजे तिथं ५५ चालायचा, ९ नाही. फिबात बरोबर उलट. एकटा १२ मात्र दोन्हीकडे बसतो, त्याच्यावर काही ठरवू नका; अख्खा संघ बघा. (एनबीएला यातलं कुठलंच बंधन नव्हतं.)

इशारेही वेगळे. बॉल घेऊन बचावपटूवर धडकलेल्या खेळाडूचा फाऊल दाखवताना अमेरिकी पंच हात डोक्यामागे नेतो, फिबाचा पंच तळहातावर मूठ मारतो.

हे तपासायला मुंबईचं अभिलेखागार गाठायला नको. कोरीटला बसून मोबाइलवर फिबाची नियमपुस्तिका उघडते. फक्त आजची पुस्तिका जुन्या फोटोला लावू नका. फिबाने २०१४ मध्ये आकडे ९९ पर्यंत खुले केले, अमेरिकी कॉलेजांच्या एनसीएएने पुरुषांसाठी २०२३ मध्ये. त्यानंतरच्या फोटोत आकड्यांवरून काही ठरत नाही, हातच बघावा लागतो.