रोमचीं भूमिगत कबरस्थानें व त्यांचे संशोधक

महोत्सवाच्या पुस्तिकेंत आपल्या मंदिराचा पाया केव्हां घातला गेला, पहिले धर्मगुरु कोण होते, घंटा कोणत्या वर्षीं चढली, ह्या गोष्टी लिहिल्या जातातच, व तें योग्यही आहे. परंतु त्या लिहितांना एक अडचण नेहमीं भासते: लोकांच्या तोंडीं जें आहे आणि कागदावर किंवा दगडावर जें आहे, त्यांचा मेळ बसेलच असें नाहीं. हीच अडचण ख्रिस्तसभेला खुद्द रोम शहरांत, आपल्या अतिप्राचीन कबरस्थानांविषयीं, कशी आली व विद्वानांनीं ती कशी सोडविली, हा वृत्तांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्राचीन रोमच्या कायद्याप्रमाणें शहराच्या हद्दींत प्रेत पुरण्यास मनाई होती. म्हणून शहराबाहेर जाणाऱ्या राजमार्गांच्या दुतर्फा कबरी असत. तेथील जमिनीखालीं ज्वालामुखीपासून झालेला मऊ खडक आहे. तो खणतांना सहज कापला जातो व हवा लागली कीं कठिण होतो. ख्रिस्ती लोकांनीं दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून ह्या खडकांत अरुंद बोळ खणले, व दोन्ही बाजूंच्या भिंतींत एकावर एक कप्पे कोरून त्यांत आपले मृत ठेविले. कप्प्याचें तोंड भाजलेल्या मातीच्या फरश्यांनीं, अगर ऐपत असल्यास संगमरवरी पाटीनें, बंद करीत. जागा अपुरी पडली म्हणजे त्याच बोळाचा तळ आणखी खोल खणीत. त्यामुळें पुष्कळ ठिकाणीं वरच्या कबरी जुन्या व खालच्या नव्या, असा उलटा क्रम आढळतो. आप्पिया मार्गावरील एका कबरस्थानाची व्यवस्था पोप झेफिरिनुस ह्यांनीं आपला डिकन कालिस्तुस ह्याजकडे सोंपविली होती. हाच कालिस्तुस २१७ सालीं स्वतः पोप झाला, आणि कबरस्थानास त्याचें नांव पडलें. तेथील बोळांची एकंदर लांबी सुमारें १२ मैल भरते.

नवव्या शतकापर्यंत हुतात्म्यांच्या अस्थि शहरांतील मंदिरांत नेण्यांत आल्या. यात्रेकरू येईनासे झाले, जिने मातीनें बुजले, आणि कोणतें कबरस्थान कोठें होतें हेंही लोक विसरले. पुढें ३१ मे १५७८ रोजीं सालारिया मार्गाजवळ बांधकामासाठीं माती खणणाऱ्या मजुरांस चित्रांनीं भरलेलें एक भुयार अकस्मात् सांपडलें. तेव्हांपासून जिज्ञासा जागी झाली. आंतोनियो बोसियो हा तरुण १० डिसेंबर १५९३ रोजीं मित्रांसह अशाच एका भुयारांत शिरला व वाट चुकला. हातांतील मेणबत्त्या संपत आल्या, तरी दार सांपडेना. दैवयोगानें तो वर आला, आणि त्यापुढें मरेपर्यंत, म्हणजे १६२९ पर्यंत, त्यानें हेंच काम केलें. त्याचा मोठा ग्रंथ त्याच्या पश्चात् प्रसिद्ध झाला.

बोसियोच्या मागून आलेल्यांची दृष्टि मात्र निराळी होती. त्यांना ज्ञान नको होतें, अवशेष हवे होते. युरोपांतील मंदिरांकडून हुतात्म्यांच्या अस्थींची मागणी येई, व ती भुयारांतून पुरविली जाई. पण हुतात्मा ओळखावा कसा? कबरीवर ताडाची फांदी कोरलेली असावी व शेजारीं रक्ताची कुपी असावी, अशी खूण १६६८ सालीं ठरविण्यांत आली. भक्ति खरी होती ह्यांत शंका नाहीं. खूण मात्र कच्ची होती. पुढील संशोधनांत ताडाची फांदी सामान्य ख्रिस्ती माणसांच्या, छळ थांबल्यानंतरच्या कबरींवरही सर्रास आढळली. आणि त्या कुप्या बहुधा सुगंधी द्रव्याच्या होत्या, असें अभ्यासकांस दिसून आलें.

ह्या गोंधळांतून वाट काढणारा पुरुष म्हणजे जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी. त्याचा जन्म रोम येथें १८२२ सालीं झाला. त्याचे गुरु येशूसंघीय फादर ज्युझेप्पे मार्की हे होते. भुयारांत शिरण्यापूर्वीं दे रोस्सीनें ग्रंथालयांत शोध केला. सातव्या शतकांतील यात्रेकरूंसाठीं लिहिलेल्या जुन्या मार्गदर्शिका त्यानें बारकाईनें वाचल्या: कोणत्या मार्गावर, कोणत्या बाजूस, कोणत्या संताशेजारीं कोण निजला आहे, हें त्यांत क्रमानें दिलें होतें. त्यांवरून त्याची अशी खात्री झाली, कीं संत सेबास्तियनच्या मंदिराखालील भुयारास लोक कालिस्तुसचें कबरस्थान समजतात ही चूक आहे. खरें स्थान आणखी अलीकडे, शहराच्या बाजूस, असलें पाहिजे.

१८४९ सालीं त्या बाजूच्या एका द्राक्षमळ्यांत त्यास संगमरवराचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर '...नेलिउस मार्तिर' एवढींच अक्षरें होतीं. पोप कोर्नेलिउस हे २५३ सालीं हद्दपारींत मरण पावले व पुढें त्यांस आप्पिया मार्गाजवळ पुरलें, हें दे रोस्सीस माहीत होतें. मिस्सेच्या प्राचीन प्रार्थनेंत ज्यांचें नांव आपण ऐकतों तेच हे कोर्नेलिउस. त्यानें पोप ९वे पायस ह्यांस विनंती केली, व तो मळा विकत घेण्यांत आला. १८५२ सालीं खोदकामांत कबर सांपडली, व तेथेंच शिलेचा उरलेला भाग मिळाला. दोन्ही तुकडे जुळले: 'कोर्नेलिउस, हुतात्मा, बिशप'. एका अपुऱ्या नांवावरून सबंध कबरस्थानाची जागा सांगणें व ती खरी ठरणें, ह्याहून विद्वत्तेची मोठी परीक्षा आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

दोन वर्षांनीं, १८५४ सालीं, जवळच तिसऱ्या शतकांतील पोपांची कोठडी उघडली गेली. छत कोसळून ती दगडामातीनें भरली होती. आंत अंतेरुस, फाबियन, लुकिउस व युतिखियन ह्यांच्या शिलांचे तुकडे मिळाले. हे लेख लातिन नव्हेत, ग्रीक आहेत! रोमची पहिली ख्रिस्ती मंडळी मुख्यत्वें पूर्वेकडून आलेल्या, ग्रीक बोलणाऱ्या लोकांची होती, व तिची प्रार्थनेची भाषा दीर्घकाळ ग्रीकच राहिली, हें ह्या शिला सांगतात. फाबियनच्या नांवापुढील 'हुतात्मा' हें संक्षिप्त अक्षर निराळ्या हातानें मागाहून कोरलेलें आहे, हेंही दे रोस्सीच्या नजरेंतून सुटलें नाहीं. चौथ्या शतकांतील पोप दमासुस ह्यांनीं येथें बसविलेला पद्यलेखही चूर झालेल्या स्थितींत मिळाला, व तो तुकडा तुकडा लावून पुन्हां उभा करण्यांत आला. आपणही येथेंच पुरले जावें अशी इच्छा होती, परंतु संतांच्या रक्षेस धक्का लावण्याची भीति वाटली, असा त्यांतील शेवटचा भाव आहे. दे रोस्सीच्या तर्कांना पोप पायस थट्टेनें स्वप्नें म्हणत. ती कोठडी स्वतः पाहिल्यावर त्यांचे डोळे पाण्यानें भरून आले, असें सांगतात.

हें झालें लाभाचें. आतां जें गमवावें लागलें तेंही सांगणें प्राप्त आहे. संकटकाळीं ख्रिस्ती लोक ह्या भुयारांत लपून राहात, अशी समजूत आपल्यांतही आहे. तीं राहण्याचीं ठिकाणें नव्हतींच; तीं कबरस्थानें होतीं, व सरकारासही ठाऊक होतीं. ६ ऑगस्ट २५८ रोजीं पोप सिक्स्तुस दुसरे ह्यांस चार डिकनांसह कबरस्थानांतच पकडून मारलें, तें ठिकाण गुप्त असतें तर घडतें ना.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. फिलोमिना हें नांव आमच्या लोकांत किती घरीं आहे, हें सांगावयास नको. १८०२ सालीं प्रिसिल्लाच्या कबरस्थानांत तीन फरश्यांनीं बंद केलेली एका लहान मुलीची कबर सांपडली. फरश्यांवरील अक्षरें जशीं लाविलीं होतीं तशीं निरर्थक; पण पहिली फरशी शेवटीं नेली तर 'फिलुमेना, तुला शांति असो' असा अर्थ निघतो. अस्थि मुन्यानो गांवीं नेल्या, भक्ति सर्वत्र पसरली, आणि १८३७ सालीं सणासही परवानगी मिळाली. परंतु दे रोस्सीचाच शिष्य ओराझियो मारुक्की ह्यानें विचारलें, कीं फरश्या उलट्यासुलट्या कां? कोणा दुसऱ्याच्या जुन्या कबरीच्या फरश्या काढून पुन्हां वापरल्या असाव्यात, हें त्याचें उत्तर. मग नांव एकीचें व अस्थि दुसरीच्या, आणि हुतात्मा असल्याची कांहींच साक्ष नाहीं. १९६१ सालीं रोमनें तो सण पंचांगांतून काढला. खाजगी भक्तीस मनाई केली नाहीं. ज्यांच्या आईचें वा आजीचें नांव तें, त्यांस वाईट वाटलें असेल, आम्हांसही वाटतें. पण ज्या कसोटीनें फरश्या तपासल्या, त्याच कसोटीनें कोर्नेलिउसची शिला तपासली गेली होती, आणि एक निकाल स्वीकारून दुसरा टाळतां येत नाहीं.

दे रोस्सी १८९४ सालीं वारला. रोमचे ख्रिस्ती शिलालेख गोळा करण्याचें त्याचें काम पुढें इतरांनीं चालविलें. त्यांत फादर आंतोनियो फेर्रुआ ह्यांचे श्रम विशेष होत. १९२२ पासून १९९२ पर्यंत नव्या मालेचे १० खंड निघाले, व त्यांत २५,००० वर लेख आले. त्यांत पोप व हुतात्मे थोडे. बाकीचे सामान्य लोक. आणि ज्यांना पाटीही परवडली नाहीं, त्यांच्या कबरीच्या ओल्या चुन्यांत आप्तांनीं एखादें नाणें, शिंपला, कांचेच्या पेल्याचा बूड किंवा मुलाची बाहुली दाबून ठेविली आहे, पुन्हां आल्यावर आपली कबर ओळखूं यावी म्हणून.