बांधावरचें झाड कोणाचें?

शेत आणि रान यांचें हाडवैर आहे, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. नांगर पुढें सरकला कीं रान मागें हटावयाचें, हा जणूं इतिहासाचा नियमच! परंतु कोंकणांतलें एखादें गांव ज्यानें लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्यास हा समज पुरता पटणार नाहीं. खाचरांत भात, वरकस जमिनींत ऐन व किंजळ, घरामागें आंबा, फणस व रातांबा. तेथें शेत कोठें संपलें व रान कोठें सुरू झालें हें सांगणें कठीण. आजचे शास्त्रज्ञ यास कृषिवानिकी म्हणतात. नांव नवें, वस्तु जुनी. ही जुनी वस्तु केव्हां टिकते व केव्हां नाहींशी होते, याचें उत्तर मात्र मातीइतकेंच हक्कांतहि शोधावें लागतें.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचें. आरमारासाठीं लांकूड मिळविणें हें राज्याचें निकडीचें काम. तरीहि आंबा-फणसांस हात लावूं नये, अशी त्यांत सक्त ताकीद आहे. हीं झाडें वर्षादोनवर्षांत होत नाहींत व रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, हें कारणहि तेथें दिलें आहे. एखादें झाड जीर्ण झालें असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊन तें घ्यावें. ज्याचें झाड त्यास न विचारतां तोडलें, तर पुढें झाड लावील कोण? या आज्ञेमागील व्यवहार इतका सरळ आहे.

इंग्रजी अमदानींत हा व्यवहार बदलला. १८६४ सालीं जंगलखातें स्थापन झालें आणि १८७८ च्या कायद्यानें राखीव रानांची हद्द आंखली गेली. १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल कायद्यानें शेतांतलीं झाडें खातेदाराचीं मानलीं खरीं, पण राखून ठेवलेल्या जातींवरचा हक्क सरकारनें सोडला नाहीं. जोतीराव फुले यांच्या १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ग्रंथांत या खात्यानें गरीब शेतकऱ्यांवर आणलेल्या संकटाची तक्रार आहे. कोंकणांत वाद पेटला तो राबावरून. ऐन-किंजळाचा टहाळ छाटून, रोप टाकावयाच्या जागेवर पसरून जाळावयाचा, ही तेथली जुनी रीत. जंगलखात्यास तींत नासाडी दिसली. शेतकऱ्यास मात्र तोच टहाळ भाताचा आधार होता. म्हणून तो झाड मुळासकट तोडीत नसे, फांद्या छाटून त्यास पुन्हा फुटूं देई.

१८८९ सालीं विलायतेहून रसायनशास्त्रज्ञ डॉ. व्होएल्कर हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास आले. येथील शेतकरी अडाणी नाहीं, ही त्यांच्या १८९३ च्या अहवालाची मोठी साक्ष. सरपण नाहीं म्हणून शेण चुलींत जातें व शेत खतास मुकतें, हें त्यांनीं ओळखलें आणि सरपण-चाऱ्यासाठीं राखीव रानें वाढविण्याची शिफारस केली. झाड व पीक यांचा संबंध यापेक्षां थोडक्यांत कोणी सांगावा?

या संबंधाचें पद्धतशीर संशोधन पुढें बऱ्याच उशिरानें उभें राहिलें. नैरोबी येथें १९७० नंतरच्या दशकांत आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. झांशी येथें आपल्या देशाचें केंद्र १९८८ सालीं. खोल मुळें खालचें पोषण वर आणतात, पालापाचोळा जमिनीची ओल धरतो, एक पीक बुडालें तरी फळ वा लांकूड हातीं राहतें. हें आतां मोजून सांगतां येतें.

परंतु कोडगूच्या कॉफीमळ्यांनीं याहून महत्त्वाचा धडा दिला. तेथें रानझाडांच्या सावलींत कॉफी होते आणि त्या सावलींत अनेक जातींचे पक्षी राहतात. पुष्कळ मळ्यांत देशी झाडांवर सरकारचा हक्क व तोडीस परवान्याची यातायात; ऑस्ट्रेलियांतून आणलेला सिल्व्हर ओक मात्र सहज विकतां येई. मळेवाल्यांनीं काय केलें हें सांगावयास नको. देशी झाडें हळूहळू गेलीं, ओक उभा राहिला. ज्या कायद्यानें झाडें राखावयाचीं, त्यानेंच तीं घालविण्यास हातभार लावला.

२०१४ सालीं भारत सरकारनें राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण जाहीर केलें आणि शेतांतील झाडांच्या तोडीचे व वाहतुकीचे निर्बंध सैल करण्याचें त्यांत सुचविलें. आज्ञापत्राच्या लेखकास त्यांत नवल वाटलें नसतें. फणस लावणारा पुष्कळदां नातवासाठीं लावतो. तो फणस नातवाचाच राहील, अशी खात्री त्यास असली, तर बांधावर झाड राहील आणि झाडावर पांखरूंहि राहील.