दस्तक आणि चेहरा

मराठ्यांच्या जुन्या दप्तरांत ‘दस्तक’ हा शब्द वारंवार भेटतो. वाटेतल्या चौक्यांवर अडवणूक होऊ नये म्हणून सरकारातून मिळणारा परवाना, तो दस्तक. शब्दाच्या मुळाशी फारसी ‘दस्त’, म्हणजे हात, आहे. परवाना हातात बाळगावयाचा, मागितला की दाखवावयाचा आणि पुढची वाट धरावयाची. आज काळाने असा पालट केला आहे की, हातातील कागदाऐवजी खुद्द हात आणि चेहरा हाच परवाना होऊ पाहत आहे.

या पालटाचे ठळक दर्शन बेंगळुरूला घडते. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आलेल्या या नगरीचा विमानतळ आज तिच्या संस्थापकाचे, केंपेगौडांचे, नाव धारण करतो. १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली आणि वाराणसी यांच्याबरोबर तेथे ‘डिजियात्रा’ ही व्यवस्था सुरू झाली. देशांतर्गत प्रवास करणाऱ्याने आधारच्या साहाय्याने आपली ओळख आणि छायाचित्र स्वतःच्या दूरध्वनीयंत्रात नोंदवावे, विमानतळाच्या दारी कॅमेऱ्याकडे पाहावे आणि आत जावे, अशी ही योजना. विमानतळाकडे गेलेली माहिती उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते, असे तिचे अभिवचन आहे. पुढे १६ जानेवारी २०२५ रोजी परदेशी ये-जा करणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी आणि परदेशस्थ भारतीय कार्डधारकांसाठी येथे स्वयंचलित तपासणीद्वारे आली. तेथे बोटांचे ठसे व चेहरा आधी नोंदवावे लागतात आणि ती नोंदणी ५ वर्षे किंवा पारपत्राची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोवर चालते. दोन्ही योजना ऐच्छिक आहेत. या ‘ऐच्छिक’ शब्दाचा इतिहास मात्र आपल्याच देशबांधवांनी घडविलेला आहे, आणि तो विसरण्याजोगा नाही.

शरीरखुणेची शासकीय नोंद हे शास्त्र बऱ्याच अंशी हिंदुस्थानातच वाढीस लागले. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारपत्रावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. सही आपली नव्हे असे त्याला पुढे म्हणता येऊ नये, एवढाच हेतू होता. हुगळीस दंडाधिकारी असताना १८७७ मध्ये त्याने निवृत्तिवेतन आणि दस्तनोंदणी यांच्या कामी बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला. १८९७ साली कलकत्त्यास अंगुलिमुद्रांचे कार्यालय स्थापन झाले. एडवर्ड हेन्रीच्या नावाने जी वर्गीकरणपद्धती जगभर गेली, तिच्या उभारणीत अझीझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांचे श्रम होते. सोयीसाठी घेतलेला ठसा चार दशकांत गुन्हेगार ओळखण्याचे साधन झाला.

याच ठशावरून दक्षिण आफ्रिकेत रण माजले. ट्रान्सवालमधील प्रत्येक आशियाई रहिवाशाने दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, अशा वटहुकुमाविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत प्रतिज्ञा झाली. पुढे जानेवारी १९०८ मध्ये गांधीजींनी स्मट्स यांच्याशी तडजोड केली आणि सक्ती नसेल तर आपण ठसे देऊ, असे मान्य केले. त्याबद्दल आपल्याच एका बांधवाचा मारही त्यांनी सोसला. परंतु सक्तीचा कायदा रद्द होत नाही असे दिसताच १६ ऑगस्ट १९०८ रोजी नोंदणीपत्रांची होळी पेटली. बोटे तीच, शाई तीच. तरी एका स्थितीत ठसा हा सौजन्याचा व्यवहार होता आणि दुसऱ्या स्थितीत तो मानखंडना होता. भेद केवळ नकाराच्या स्वातंत्र्याचा होता.

स्वतंत्र भारतात हा वाद पुन्हा उभा राहिला तो बेंगळुरूच्याच एका वृद्ध गृहस्थामुळे. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी दिला गेला. दोन वर्षांनी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी, वयाच्या ८६ व्या वर्षी, या योजनेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. शासनाला त्यात हात घालावयाचा असेल तर कायद्याचा आधार, उचित हेतू आणि हेतूच्या प्रमाणात साधन हवे, ही कसोटी त्यातून निघाली. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधार टिकले, पण त्याच्या वापरास मर्यादा पडल्या.

या कसोटीवर विमानतळावरील व्यवहार कसा उतरतो? डिजियात्रा चालविणाऱ्या संस्थेत विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के आहे. उरलेला ७४ टक्के बेंगळुरूसह पाच विमानतळ-कंपन्यांचा. दाराशी उभे असलेले सेवक नीट न सांगताच चेहरा टिपून घेतात, अशा तक्रारी २०२४ च्या आरंभी वृत्तपत्रांतून गाजल्या. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती स्वतंत्र व सुस्पष्ट असावी असे म्हटले खरे. परंतु त्याच्याच १७ व्या कलमाने सुरक्षेच्या कारणास्तव शासकीय यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला आहे.

सोय नाकारावी, असे कोणी म्हणणार नाही. बदलीच्या गावांहून घरी धावणाऱ्या आपणा नोकरदारांस रांगेतील वाचलेल्या अर्ध्या तासाचे मोल पुरेपूर ठाऊक आहे. निवृत्तांचा हयातीचा दाखलाही २०१४ पासून ठशावर मिळू लागल्याने कित्येक वृद्धांची कोषागाराकडील खेप वाचली. परंतु कागद हरवला तर दुसरा मिळतो, चेहरा दुसरा मिळत नाही. म्हणून ओळखपत्र दाखवून जाणाऱ्याची रांग तितकीच मोकळी, तितकीच सन्मानाची राहिली पाहिजे. ती रांग हळूहळू लांबत, आखडत गेली तर कोणताही हुकूम न काढताच सक्ती अवतरेल.

आपल्यापैकी बहुतेकजण मेजाच्या दोन्ही बाजूंस बसतात. आज प्रवासी असलेला उद्या नियम लिहिणारा किंवा तो राबविणारा असतो. हर्शेलही एक साधा जिल्हा-अधिकारीच होता, आणि आपल्या मेजावरील एका ठशाचा प्रवास कोठवर जाईल हे त्याला दिसणे शक्य नव्हते. आपल्यापुढे तो सारा प्रवास मांडलेला आहे. म्हणून ‘आपली संमती आहे ना?’ हा प्रश्न विचारणे आणि ‘नाही’ हे उत्तर कपाळाला आठी न घालता स्वीकारणे, हे यापुढे अधिकाऱ्याच्या कर्तव्यातच मोडते.